वाचकांचे प्रश्न : तोतरेपणा कुणाच्या चुकीमुळे येतो का?

मुलांच्या आणि मोठ्यांच्या बोलण्यातील अडचणींविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे तोतरेपणाविषयीची आहेत आणि शब्द वेगवेगळे असले तरी पुष्कळ पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला आहे : हे कुणामुळे झाले? म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो आधी छान बोलत होता. चार महिन्यांपूर्वी धाकटीचा जन्म झाला आणि मी माहेरहून परत आल्यावर तो अचानक ‘प-प-प-पाणी’ असे बोलू लागला. कधी तोंड उघडे राहते, पण आवाजच फुटत नाही. मग तो डोळे घट्ट मिटतो आणि पाय आपटतो. सासूबाई म्हणतात, मी ओरडते म्हणून तो दचकला आहे. शेजारच्या आजींनी जिभेला वेखंड लावायला सांगितले आहे. माझे दीर लहानपणी असेच बोलत, आता बोलत नाहीत. माझे काय चुकले?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, तुमचे काहीही चुकलेले नाही, आणि हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, संशोधनातून जे हाती आले आहे तेच लिहीत आहे. तोतरेपणा बहुतेक मुलांत दोन ते पाच या वयात सुरू होतो, कारण याच काळात मूल दोन शब्दांच्या वाक्यांवरून लांब, गुंतागुंतीच्या वाक्यांकडे झपाट्याने जात असते. एक साधे वाक्य बोलायचे तरी श्वास, स्वरयंत्र, जबडा, जीभ आणि ओठ यांच्या कितीतरी हालचाली मेंदूला ठरलेल्या क्रमाने आणि अगदी नेमक्या वेळी घडवाव्या लागतात. काही मुलांच्या मेंदूत ही वेळ जुळवणारी यंत्रणा मुळातच थोडी वेगळी घडलेली असते आणि बोलण्याचा भार वाढू लागला की ती अडते. आता याच वयात घरात काही ना काही घडतच असते. धाकटे भावंड येते, मूल पडते, तापाने फणफणते, अंगणवाडीत जाऊ लागते. अडखळणे त्या सुमारास दिसू लागले की घरातली माणसे दोन्हींची सांगड घालतात. बाळ घरात आल्यामुळे तुमच्या मुलाचे अडखळणे काही दिवस वाढले असेल, हे शक्य आहे. पण मुळात नव्हते ते ओरडण्यामुळे उत्पन्न झाले, असे मात्र नाही.

तुमच्या पत्रातला खरा धागा सासूबाईंनी काढलेल्या दोषात नसून दिरांच्या उल्लेखात आहे. तोतरेपणा घराण्यांतून चालत येतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एक तोतरे बोलत असेल तर दुसऱ्यानेही तसे बोलण्याची शक्यता, वेगळ्या जुळ्यांच्या मानाने, बरीच जास्त आढळते. 2010 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून तोतरेपणाशी संबंधित असलेले पहिले जनुकीय बदल दाखवून दिले; ते पेशीतील टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणाऱ्या व्यवस्थेतील जनुकांत होते. 2025 मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात तोतरेपणाशी जोडलेल्या 57 जागा जनुकसंचात सापडल्या. याचा अर्थ असा की ‘तोतरेपणाचा एक जनुक’ असे काही नाही. अनेक लहान लहान बदल एकत्र येऊन हा कल तयार होतो. मुलगे आणि मुली यांच्यातील फरकही यात दिसतो. सुरुवातीला मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडेच जास्त असते, पण मुली अधिक संख्येने त्यातून बाहेर पडतात, त्यामुळे मोठेपणी एका बाईमागे साधारण चार पुरुष तोतरे बोलणारे असतात.

आईवर येणारा हा दोष केवळ आपल्याकडच्या सासूबाईंच्या तोंडी नाही, तर काही काळ तो शास्त्राच्या पुस्तकांतही होता, हे तुम्हाला ठाऊक असावे असे मला वाटते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. ते स्वतः तोतरे बोलत. मूल नेहमीसारखेच अडखळत असताना आईवडील त्याला तोतरेपणा म्हणतात, त्याला टोकतात आणि त्यातून खरा तोतरेपणा जन्माला येतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. 1939 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील 22 मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतील काही मुलांचे बोलणे अगदी नीट होते. तरीही तुम्ही तोतरे होत आहात, असे त्यांना महिनोन्‌महिने सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाली नाहीत. मात्र ती बोलायला घाबरू लागली, गप्प राहू लागली आणि त्यांतील काहींना ते ओझे आयुष्यभर वाहावे लागले. हा प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. 2001 मध्ये तो वृत्तपत्रातून लोकांसमोर आला, विद्यापीठाने माफी मागितली आणि 2007 मध्ये आयोवा राज्याने नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले. ज्या प्रयोगाने त्या सिद्धान्ताला बळ मिळायचे, त्याच प्रयोगात दिसले ते वेगळेच : टोकण्याने तोतरेपणा येत नाही, भीती मात्र येते. तरीही जॉन्सन यांचा सिद्धान्त पुढे कित्येक वर्षे शिकवला गेला आणि असंख्य आया स्वतःला अपराधी समजत राहिल्या. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त दुःख त्याच गोष्टीचे वाटते.

आता मुलाविषयी. या वयातील जवळजवळ सगळीच मुले थोडीफार अडखळतात. ‘आई मला, मला ना, मला तो चेंडू…’ असे पूर्ण शब्द पुन्हा म्हणणे किंवा मध्येच वाक्य बदलणे यात काळजीचे काही नसते. तुमच्या मुलाचे तसे नाही. तो शब्दाचा पहिला वर्ण पुन्हा पुन्हा उच्चारतो, कधी त्याचा आवाज पूर्ण अडतो आणि आवाज बाहेर काढण्यासाठी तो डोळे मिटून, पाय आपटून जोर लावतो. ही तोतरेपणाची लक्षणे आहेत. शंभरांतील सुमारे पाच मुले कधी ना कधी अशा अवस्थेतून जातात आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे अडखळणे पुढे थांबते. मोठ्यांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उरते. तुमचे दीर त्यातून बाहेर पडले ही मुलाच्या दृष्टीने चांगली खूण आहे. तरीही वाट पाहत बसू नये. लवकर केलेल्या उपचारांचा फायदा होतो आणि त्यासाठी वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेपर्यंतच जावे लागते असे नाही. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का आणि तेथे स्पीच थेरपिस्ट कोणत्या दिवशी असतात, याची चौकशी करा. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

लहान मुलांसाठी उपचारांच्या दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. एकीत आईवडिलांना रोज थोडा वेळ मुलाशी ठरावीक रीतीने बोलायला आणि न अडखळता बोललेल्या वाक्यांचे हलकेच कौतुक करायला शिकवतात. ही पद्धत ऑस्ट्रेलियात तयार झाली. दुसरीत घरातील बोलण्याचा वेग, घाई आणि प्रश्नांचा मारा कमी केला जातो. नेदरलँड्समध्ये या दोन पद्धतींची तुलना झाली तेव्हा दीड वर्षानंतर दोन्ही गटांतील बहुसंख्य मुले तोतरी राहिली नव्हती आणि दोन पद्धतींच्या परिणामांत फारसा फरक दिसला नाही. तोवर घरी एवढे करा : तुम्ही स्वतः थोडे सावकाश बोला, पण त्याला ‘सावकाश बोल’ म्हणू नका, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, आणि दिवसातून दहा मिनिटे, धाकटीला सासूबाईंकडे देऊन, फक्त त्याच्याजवळ बसा. तो अडला आणि रडवेला झाला तर ‘हा शब्द जरा अडला ना, असू दे, मी ऐकतेय’ असे म्हणायला हरकत नाही. ते न पाहिल्यासारखे केले की मुलाला वाटते, आपण काहीतरी लाजिरवाणे करतो आहोत.

वेखंड लावू नका. आजींचा हेतू प्रेमाचा आहे, पण वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते, ते प्राण्यांवरील प्रयोगांत घातक ठरले आहे आणि 1968 मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यावर बंदी आली. शिवाय दोष जिभेत नाहीच. जीभ जड असणे, जिभेखालचा पडदा आखूड असणे यांचा उच्चारांवर थोडा परिणाम होऊ शकतो, पण त्यामुळे तोतरेपणा येत नाही. 1841 मध्ये बर्लिनच्या डिफेनबाख या नामांकित शल्यचिकित्सकाने तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती, आणि तीही भूल देण्याची सोय येण्याआधी. ती लवकरच सोडून द्यावी लागली.

प्रश्न : वय 26, अभियंता आहे. आरती म्हणताना, गाताना, एकटा असताना किंवा घरच्या कुत्र्याशी बोलताना मी एकदाही अडखळत नाही. मुलाखतीत मात्र स्वतःचे नावसुद्धा सांगता येत नाही. लोक म्हणतात, म्हणजे हे मानसिक आहे, आत्मविश्वास वाढव. एका केंद्राने तीस दिवसांत शंभर टक्के बरे करण्याची हमी दिली, पैसे घेतले, आणि दोन महिन्यांत सर्व पूर्ववत झाले. माझ्यात नेमका काय दोष आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे, परंतु लोक त्यावरून काढतात तो निष्कर्ष उलटा आहे. आरतीत सर्वांचा आवाज एकाच वेळी चालू असतो आणि टाळ ठेका देत असतो, म्हणजे बोलण्याची वेळ बाहेरून मिळते. अगदी टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर बोलले तरी पुष्कळ जण अडखळत नाहीत. गाण्यात सूर लांबतात, शब्द आधीच ठरलेले असतात. जे बाहेरून मिळाल्यावर बोलणे सुरळीत होते, ते आतून मिळण्यात अडचण आहे, असाच याचा अर्थ निघतो. मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसते. डाव्या अर्धगोलात ऐकणे आणि बोलण्याच्या हालचाली यांना जोडणारे मज्जातंतूंचे जाळे तोतरे बोलणाऱ्यांत थोडे विरळ आढळते, हालचाली वेळेवर सुरू करणाऱ्या मेंदूतील खोलवरच्या केंद्रांच्या कामात फरक आढळतो, आणि बोलताना उजवा अर्धगोल अधिक राबताना दिसतो. लहान मुलांतही असे फरक सापडले आहेत. म्हणजे वर्षानुवर्षे अडखळल्यामुळे ते निर्माण झाले, असे म्हणता येत नाही.

मग मुलाखतीत भीती वाटते ती कुठून आली? ती नंतर आली. शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ फुटले नाही, वर्ग हसला, पुढच्या वेळी आपला क्रमांक जवळ येतानाच छातीत धडधडू लागले. असे शेकडो प्रसंग साठत गेले. भीतीमुळे अडखळणे वाढते हे खरे, पण भीती हे त्याचे मूळ नव्हे. स्वतःचे नाव सर्वांत अवघड जाते, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो. इतर शब्द टाळता येतात आणि तोतरे बोलणारी माणसे ते विलक्षण चपळाईने टाळतात. मला भेटलेले एक गृहस्थ ‘क’ अडतो म्हणून कळव्याला उतरायचे असूनही वर्षानुवर्षे मुंब्र्याचे तिकीट काढत असत. त्यांच्या कचेरीत ते तोतरे आहेत हे कुणालाही माहीत नव्हते. असे तोतरेपण ऐकू येत नाही, पण ते माणसाला आतून पोखरते. कोणती नोकरी घ्यायची, वर्गात हात वर करायचा की नाही, लग्नात चार शब्द बोलायचे की नाही, हे सगळे तेच ठरवू लागते. जोसेफ शीहन या मानसशास्त्रज्ञांनी त्याला हिमनगाची उपमा दिली होती : अडखळणे पाण्यावर दिसते, लाज आणि भीती पाण्याखाली असते.

हमी देणाऱ्या केंद्राविषयी माझे मत स्पष्ट आहे. मोठ्या वयातील तोतरेपणाला कायमचा, हमखास उपाय आज उपलब्ध नाही आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खास तोतरेपणासाठी म्हणून एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. ओढून, लांबवून, एका विशिष्ट लयीत बोलायला शिकवले की चार भिंतींत कुणीही आठवड्याभरात सुरळीत बोलू लागतो. बाहेरच्या जगात ती लय टिकवायला सतत लक्ष द्यावे लागते आणि ते सुटले की बोलणे जुन्या वळणावर येते. तुमची मेहनत कमी पडली असे समजू नका. चांगला थेरपिस्ट दोन गोष्टींवर एकदम काम करतो. अडलेला शब्द जोर न लावता, सैलपणे कसा सोडवायचा, हे तो शिकवतो. ही दिशा ज्यांनी घालून दिली ते अमेरिकेचे चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे बोलत. आणि जे टाळत आलो ते हळूहळू बोलायला लागायचे, हे दुसरे काम. पुढच्या मुलाखतीत आरंभीच ‘मी तोतरे बोलतो, त्यामुळे मला थोडा वेळ लागेल’ असे सांगून पाहा. लपवण्याचा प्रयत्न थांबला की पुष्कळांचे अडखळणे तेथेच थोडे सैल होते. भारतात तोतरे बोलणाऱ्यांनीच चालवलेले स्वमदत गटही आहेत. ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ या नावाने शोधल्यास त्यांची माहिती मिळेल.

प्रश्न : माझ्या यजमानांना, वय 64, पक्षाघातानंतर बोलताना अडखळायला होते. पूर्वी कधीच असे नव्हते. हाही तोतरेपणाच का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : हा वेगळा प्रकार आहे. पक्षाघात, डोक्याला मार, कंपवात यांमुळे मोठेपणी अडखळणे सुरू होऊ शकते. यात माणूस शब्दाच्या आरंभीच नव्हे तर मध्येही अडतो आणि एकत्र म्हणताना किंवा गातानाही पुष्कळदा फरक पडत नाही. काही औषधांमुळेही असे होते, म्हणून सध्याच्या गोळ्यांची यादी मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवावी. शब्दच न आठवणे किंवा उच्चार जडावणे यांचीही सरमिसळ झालेली असू शकते, त्यामुळे थेरपिस्टकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे. एखाद्या प्रौढ माणसाचे बोलणे एकाएकी बिघडले तर मात्र तो नवा झटका असू शकतो. अशा वेळी एक तासही न घालवता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. मी फार भरभर बोलते, शब्द खाते, वाक्य अर्धे सोडून दुसरे सुरू करते, असे सगळे म्हणतात. मला स्वतःला ते जाणवत नाही. तोंडी परीक्षेत गुण गेले. हा तोतरेपणा आहे का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हा तोतरेपणा वाटत नाही. वाचेच्या ओघाचा आणखी एक विकार आहे, इंग्रजीत त्याला ‘क्लटरिंग’ म्हणतात, ज्याकडे आपल्याकडे ‘घाईची सवय’ म्हणून दुर्लक्ष होते. यात बोलण्याचा वेग फार जास्त किंवा विषम असतो, ‘महाविद्यालयात’चे ‘मव्द्यालात’ होते, विराम भलत्याच ठिकाणी पडतात आणि वाक्ये एकमेकांवर आदळतात. तोतरे बोलणाऱ्याला काय म्हणायचे ते नेमके ठाऊक असते आणि तरी ते बाहेर येत नाही. येथे बोलणे विचार जुळण्याच्या आधीच पुढे धावते. दुसरा फरक जाणिवेचा आहे. तोतरे बोलणारा स्वतःच्या प्रत्येक अडखळण्याचा हिशेब ठेवतो, तर या विकारात माणसाला आपले बोलणे कसे ऐकू येते याची कल्पनाच नसते. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून खात्री थेरपिस्टकडूनच करून घ्या. तोपर्यंत फोनवर स्वतःचे पाच मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, दुसऱ्या दिवशी ऐका आणि जे शब्द तुम्हालाच कळले नाहीत ते लिहून काढा. तोतरेपणात ‘सावकाश बोल’ या सल्ल्याचा जाच होतो, पण तुमच्या बाबतीत लक्ष दिल्यावर बोलणे खरोखर सुधारते.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पाचवीच्या वर्गात एक मुलगा तोतरा बोलतो. प्रकट वाचनाच्या वेळी मी त्याला वगळतो, म्हणजे त्याची फजिती होणार नाही. हे बरोबर आहे का? त्याचे वडील म्हणतात, शेजारच्या गावातील इंग्रजी शाळेत पहिली दोन वर्षे घातल्यामुळे असे झाले.
– एक शिक्षक, मराठवाडा

उत्तर : गुरुजी, वडिलांचा प्रश्न आधी निकालात काढतो. दोन भाषा शिकल्यामुळे तोतरेपणा येत नाही. नव्या भाषेत शब्द शोधताना मूल अडते ते वेगळे असते. वगळण्यामागची तुमची भावना मी समजू शकतो, परंतु त्याचा अर्थ मुलापर्यंत असा पोहोचतो की त्याने गप्प राहिलेलेच बरे. एकदा मधल्या सुट्टीत, इतर मुले जवळ नसताना, त्यालाच विचारा : तुला वाचायला आवडेल का, आणि कसे? काही मुले सांगतात की पहिला क्रमांक द्या, कारण क्रमांक जवळ येईपर्यंतची वाट पाहणेच असह्य असते. काहींना शेजारच्या मुलाबरोबर जोडीने वाचायला सोपे जाते, आणि याचे कारण वर नाशिकच्या वाचकांच्या उत्तरात आलेच आहे. सगळ्याच वर्गाला जोडीने वाचायला लावले तर तो वेगळा पडणार नाही. पाढे एका सुरात म्हणताना तो नीट बोलतो आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना अडतो, यावरून त्याने अभ्यास केला नाही असा अर्थ काढू नका. तोंडी परीक्षेत त्याला अधिक वेळ द्या आणि गुण त्याच्या उत्तरालाच द्या.

वर्गात कुणी नक्कल केली तर ती तेथेच थांबवली पाहिजे, पण त्या मुलाचे नाव घेऊन सहानुभूतीचे भाषण करू नका. तो अडेल तेव्हा घड्याळाकडे किंवा खिडकीबाहेर पाहू नका, त्याच्याकडेच पाहा, नेहमीच्या चेहऱ्याने. वर्गातली चाळीस मुले तुमच्याकडेच पाहत असतात, आणि तुम्ही थांबलात की तीही थांबायला शिकतात. हजेरी घेताना मात्र एक बदल उद्यापासूनच करता येईल : ‘हजर’ म्हणण्याऐवजी सर्वच मुलांना हात वर करू द्या.